गेरूनं लिहिलेली गृहलक्ष्मी

मला दाखवायचं ठरलं, तेव्हा काकांच्या मनात आलं की पोरीच्या रंगाची भरपाई अक्षरानं करावी. आधीची दोन स्थळं रंगावरून परत गेली होती. हे तिसरं फिरलं असतं तर धाकटीचंही लग्न अडलं असतं. काका पोथी वाचत, तेवढ्यावर स्वतःला पंचक्रोशीतले पंडित समजत. मला बाराखडी येत होती, तरी त्यांनी मला एकच शब्द लिहायला लावला: 'गृहलक्ष्मी'.

पाटी तर भरलीच; शिवाय चुलीमागं, कणगीवर, गोठ्याच्या भिंतीवर त्यांनी तो गेरूनं काढून ठेवला. "येता-जाता पाहात जा. डोक्यात बसंल."

डोकं काकांपेक्षा शहाणं असतं. नवा माणूस दारात आला की कुत्रं भुंकतं. तोच रोज यायला लागला की कानसुद्धा हलवत नाही. चार-सहा दिवसांत मला तो शब्द दिसेनासा झाला. मुद्दाम निरखून पाहिलं तर त्यात ना गृह, ना लक्ष्मी. भिंतीला चिकटलेल्या गोगलगायी नुसत्या.

पाहुणे आले. नवऱ्या मुलाच्या चुलत्यानं पाटी पुढं सरकवली. "लिही बाई कायतरी."

मी पेन्सिल धरली आणि डोकं कोरडं ठणठणीत. गोठ्यातून हंबरणं ऐकू आलं. मी लिहिलं, 'म्हैस'.

काकांनी डोकावून पाहिलं. "पाहा, गृहलक्ष्मी." त्यांना खरोखर तेच दिसलं. इतक्यांदा पाहिलेला शब्द पुन्हा वाचायची तकलीफ कोण घेतो? चुलत्याचं सगळं शिक्षण मोगलाईतल्या, म्हणजे निजामाच्या राज्यातल्या उर्दू शाळेत. आपली अक्षरं त्याला औषधालाही येत नव्हती. त्यानं पाटी उलटी धरून मान डोलावली. "बराबर हाय. वळण चांगलंय."

पाटी मुलाकडं गेली. तो कनेरगावचा नाका ओलांडून इंग्रजांच्या हद्दीत, वाशिमला मामाकडं राहून मराठी शाळा शिकलेला. त्यानं वाचलं आणि तळहातानं पुसून टाकलं.

"काहून पुसलं रे?" चुलत्यानं विचारलं.

"वाचून झालं. आपल्या घरी जे पाहिजे, तेच लिवलंय तिनं."

काका कृतार्थ होऊन गूळ वाटायला उठले. मी मनातल्या मनात तिथंच होकार देऊन टाकला. मला कुणी विचारलं नव्हतं, ही गोष्ट निराळी.