चपला घालून झोपणारा मिस्त्री

मिस्त्री चपला घालून झोपायचा. हॉस्पिटलच्या खाटेवर, चादरीवर, पायात चामड्याच्या चपला आणि पट्टे आवळलेले. आमच्या वॉर्डात झाडूवाल्या मावशींपासून माझ्यासारख्या जुन्या सिस्टरपर्यंत सगळ्यांना त्याचा अर्थ ठाऊक होता. हा पळणार.

साकीनाक्याच्या एका गाळ्यात तो लेथ मशीन चालवायचा, म्हणून मिस्त्री. मूळचा मालवणचा, घर दहिसरच्या चाळीत. हातात कसब होतं आणि त्याच हातांच्या शिरांत तो गर्द टोचून घ्यायचा. त्या सुयांतून जंतू रक्तात गेले आणि हृदयाच्या झडपेवर जाऊन बसले. त्यावर इलाज म्हणजे सहा आठवडे शिरेतून अँटिबायोटिक. आधी दोनदा दाखल झाला, दोन्ही वेळा पळाला. ताप आम्ही बघायचो आणि व्यसनाचे डॉक्टर दुसऱ्या इमारतीत. तिथे नंबर लागेपर्यंत याची टर्की सुरू व्हायची, नशा तुटल्याचा त्रास. अंग मोडून यायचं, उलट्या, थरथर.

"सिस्टर, मरणाची भीती नाय वाटत ओ. टर्कीची वाटते," म्हणायचा. मग सलाईनची सुई हातात तशीच ठेवून गायब. मी मागून शिव्या घालायची. मेल्या, येशील ना परत इथेच.

आलाच. पण तोवर आमची पद्धत बदलली होती. व्यसनाच्या डॉक्टर मॅडम आता तापाच्या डॉक्टरांबरोबरच राउंडला यायच्या, दोघं एकाच खाटेपाशी. सकाळी अँटिबायोटिक लावायचं आणि टर्की थांबवणारी गोळी जिभेखाली ठेवायची. ती विरघळेपर्यंत बोलायचं नाही. मिस्त्रीला गप्प बसणं म्हणजे शिक्षा, हातवारे करून भांडायचा माझ्याशी. तोंड मोकळं झालं की त्याचं ठरलेलं लेथवरचं वाक्य यायचं, "सेंटर आऊट झालं होतं माझं. आता बसतंय जाग्यावर."

एका सकाळी चपला खाटेखाली दिसल्या. त्याची आई पेज घेऊन आली, तिने त्या पाहिल्या आणि पदर तोंडाला लावला.

मला तो आवडायचा, खोटं कशाला बोलू. कुरकुरणारे सलाईनचे स्टँड त्याने तेल मागून घेऊन नीट केले. "काय हॉस्पिटल चालवता यार, एक चाक धड नाय," वर हे ऐकवलं.

ताप उतरला, पण झडप पार गेली होती. ऑपरेशनला दुसऱ्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवायचं ठरलं. स्ट्रेचरवर घेताना मी चपला पिशवीत भरायला लागले, तर म्हणाला, "राहू द्या ओ. परत इथेच येणार ना मी."

गोळी चालू ठेवा, असं मॅडमनी ठळक लिहून दिलं होतं. तिथे म्हणाले, आमच्या वॉर्डात ती मिळत नाही, ऑपरेशन झाल्यावर बघू. मॅडम फोन करत राहिल्या, तिकडे हा विभाग त्या विभागाकडे बोट दाखवत राहिला. टर्की सुरू झाली आणि मिस्त्री अनवाणीच बाहेर पडला. सापडला तो गाळ्याच्या मागे, मेलेला. गर्दची सुई हातातच होती.

आई चपला न्यायला आली. "थंय माझ्या झिलाक गोळी गावली नाय गो," एवढंच म्हणाली. चपला ठेवायला मी रिकामी पिशवी पुढे केली, ती तिने घेतली नाही. चपला छातीशी धरून जिना उतरली. मी ड्रेसिंगच्या खोलीत जाऊन रडले.

आता गोळीवरच्या कुणाला ऑपरेशनला पाठवायचं झालं की मी आधी त्या वॉर्डला फोन लावते. गोळी मिळणार का, विचारते. नाही म्हणाले तर अँब्युलन्स सोडत नाही. डॉक्टर चिडतात, ड्रायव्हर खाली हॉर्न वाजवत बसतो. वाजवू दे.