पान नऊ, पान चौदा आणि हरवलेली शेळी

मास्तर लोकांकडे किस्से फार साठतात, कारण तपासणीच्या फॉर्मात त्यांना रकाना नसतो! आमच्या जव्हारकडच्या शाळेतले हे किस्से एकाच पुस्तकाचे.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी आमच्या भोये सरांनी हातानं एक गोष्ट लिहिली. एक पोरगा हरवलेली शेळी शोधायला निघतो. पानाखाली दोन वाटा, वाचणाऱ्यानं निवडायची. पण कुठलीही निवडा, पान नऊ यायचंच: "डोंगरावर शेळी नाही. घरी जा, पान १४." चौदावर: "घराला कुलूप. डोंगरावर जा, पान ९."

सरांनी वर्गात वाचून दाखवलं. चार वेळा डोंगर चढले. पाचव्यांदा म्हणाले, "पाणी आणा रे कोणीतरी!"

*

केंद्रप्रमुख आले, पुस्तक घेऊन बसले. चहा गार झाला तरी डोकं वर नाही.

"भोये, शेळी मिळते का हो?"

"मिळते ना साहेब. पान वीस."

"वीसवर पाठवतं कोण?"

"अरेच्चा! ते राहिलंच."

साहेबांनी शेरा मारला, 'पुस्तक न संपणारे आहे.' सरांनी तो फ्रेम करून लावला.

*

तिसरीतल्या एकानं सरळ वीसच उघडलं. सर चिडले, "ही लबाडी आहे!"

"पण शेळी गावली ना, सर?"

*

मीही तिथंच शिकवत होते, मी उपाय काढला. वाचलेल्या पानावर पेन्सिलीनं टिक करा, म्हणजे आपण फिरतोय कुठे ते कळेल. आठवड्यात पान नऊवर इतक्या टिका झाल्या, की डोंगरच दिसेना.

*

चौथीतली सुनीता, वांगणीची. तिला थेट वीस नको होतं. "पोरगा घरी पोचाय पाहिजे, बाई." शनिवारी तिच्या घरचे वीटभट्टीवर निघणार होते, तिला घेऊन. इकडे त्याला 'जगायला जाणं' म्हणतात. त्याआधी तिला गोष्ट संपवायची होती. रोज मधल्या सुट्टीत नऊ, चौदा, नऊ, चौदा. मला बघवेना. म्हटलं, "आण, मी शेवट लिहून देते." नाही म्हणाली.

शुक्रवारी पुस्तक आणून दिलं.

"सुटलं का गं?"

"सुटलं."

चौदावर 'घराला कुलूप' तसंच होतं. पुढचं खोडून तिनं लिहिलं होतं, "आयबा जगायला गेलं. भट्टीवर जा, पान २१."

पुस्तक वीस पानांचं. मागच्या कोऱ्या पानावर तिनंच एकवीसचा आकडा घातला होता. खाली एक ओळ:

"आय होती. तिनं भाकर दिली."