ऐंशी एकरांत दोन गायी

मागच्या मंगळवारी न्यू मेक्सिकोतल्या एका उजाड माळावर मी उभी होते, आणि माझा मुलगा रोहन मला शहाणपण शिकवत होता.

माळ चांगला उंचावरचा, वाळवंटी. वीज नाही, विहीर नाही, पाणी टँकरने आणायचं. गायी पाळायला आणि थोडा घेवडा लावायला मी तिथे ऐंशी एकर घेत होते... सौदा कॅन्सल करायला शुक्रवारपर्यंत मुदत होती, आणि रोहन ओहायोहून तेवढ्याचसाठी आला होता.

न्यू जर्सीत, आमच्या पार्सिपनीत बातमी फुटल्यापासून फोन थांबले नव्हते. "काकू, वन बेडरूम कॉन्डो बघा ना, खाली जिम पण आहे." एकीने तर घरी येऊन, डोळ्यांत पाणी आणून विचारलं, अनिलरावांचं स्वप्न पूर्ण करताय ना?

नाही. माझ्या नवऱ्याला, अनिलला, गायीची भीती वाटायची. त्याला रिटायर होऊन फ्लोरिडाला राहायचं होतं.

त्याला जाऊन तीन वर्षं झाली. हे स्वप्न माझं आहे. दोन हिवाळे मी लायब्ररीतून माती, गवत, कुंपण यांवरची पुस्तकं आणून वाचली. तो असता तर जोरात भांडलो असतो... आता त्याच्या बाजूची वाक्यंही मलाच म्हणावी लागतात.

माळावर हद्दीचा नकाशा उघडला, तर वाऱ्याने तो हातात ठरेना. दुसरं टोक धरायला नेहमी अनिल असायचा. मी नकाशा जमिनीवर पसरला आणि त्यावर दगड ठेवला.

"आई, इट्स ऑल डेड," रोहन पिवळ्या गवताकडे बघत म्हणाला. मी एक काडी मोडून चावली. म्हटलं, मेलेलं नाही, ही उभ्या उभ्या वाळलेली वैरण आहे.

तेवढ्यात शेजारच्या रँचवरची डोना पिकअप घेऊन आली. सत्तरीची असेल. रोहनने तिलाच विचारलं, इथे किती गायी चरतील?

तिने खाली उतरून गवत पाहिलं. "गवत चांगलं आहे. दोन," ती म्हणाली. "पाऊस झाला तर."

दोन... महाराष्ट्र मंडळाच्या हळदीकुंकवाला मी वीस सांगून बसले होते.

कोरड्या मुलखात गायीला जमीन जास्त लागते, हे वाचलं होतं मी. पण मनातला एकर आपल्याकडचाच राहिला. माझ्या वडिलांच्या अडीच एकरांवर दोन म्हशी आणि एक बैलजोडी होती. त्या हिशेबाने ऐंशी एकर म्हणजे मला अख्खं गाव वाटलं होतं.

रोहन हसला नाही, हे त्याचं चांगलं. हळूच म्हणाला, "कॅन्सल करूया?"

कान तापले माझे. म्हटलं, "दोन तर दोन. उरलेल्या जागेत मी राहीन."

तेच मी डोनाला इंग्रजीत सांगितलं. तिने मला आपादमस्तक न्याहाळलं. "कुंपण कोण घालणार?"

"मी. तुम्ही दाखवाल का?"

तिने गाडीतून कातडी हातमोजे काढून माझ्याकडे टाकले आणि कोपऱ्याचा खांब कुठे येतो ते विचारलं. दाखवायला मी दगड उचलला, तसा नकाशा फडफडून उडू लागला.

रोहनने त्याचं दुसरं टोक पकडलं. म्हणाला, "नॉर्थ कुठे आहे?"

शुक्रवार आला आणि गेला. सौदा कॅन्सल केला नाही.

या तीन वर्षांत लोकांनी मला खूप आधार दिला, पण त्यातला बहुतेक आधार मला एका जागी बसवणारा होता. नकाशाचं टोक धरणारा हात मला त्या माळावर मिळाला, त्याचे आभार... आणि कॉन्डोच्या लिंक आता पाठवू नका. मी दोन गायी बघते आहे.