सव्वा फूट ऊब

बॉथेलहून लेकीचं, नैनाचं पार्सल आलं तेव्हा शैलजाताईंना वाटलं, नातीचे, रुहीचे फोटो असणार. उघडलं तर थर्मामीटर! काड्यापेटीएवढा, पांढराशुभ्र आणि महाचोंबडा. त्यांच्या ॲन आर्बरच्या घरातली माडीवरची खोली किती गार आहे, हे तो दोन हजार मैलांवर नैनाच्या फोनमध्ये जाऊन सांगणार होता.

"आई, ती रूम सेव्हन्टी फॅरनहाइट झाली तरच मी रुहीला घेऊन येते. नाही तर ट्रिप कॅन्सल," लेकीनं बजावलं होतं. "लास्ट इयर मी तिथे जॅकेट घालून झोपले होते."

पोर बोलली त्यात खोटं काही नव्हतं. घर १९२८ सालचं. माडीवरच्या खोलीत खोबरेल तेल ऑक्टोबरात गोठायचं ते एप्रिलात सुटायचं. पण पहिली नात सव्वा महिन्याची झाली की आजोळी येणार, हे शैलजाताईंनी कधीच पक्कं केलेलं. तीन टोपडी शिवून तयार, डिंकाचे लाडू डब्यात. आता एका काड्यापेटीनं मोडता घालायचा म्हणजे काय?

तरी नवी वस्तू घरात आली की ती आधी देवापुढे. देव माडीवरच्याच खोलीत होते. शैलजाताईंनी थर्मामीटरला हळदकुंकू लावलं आणि समईला खेटून ठेवला. पाच मिनिटांत फोन.

"आई! नाइन्टी सिक्स? घराला आग लागलीये का?"

"नाही गं, पूजा चाललीये त्याची."

"कोणाची?"

"थर्मामीटरची."

 पलीकडून जावई कुश खो खो हसत असल्याचं ऐकू आलं. समईपासून दूर सरकवल्यावर आकडा उतरला तो एकसष्टावर येऊन बसला, आणि हलेचना.

घरात यजमान गुरुनाथराव होते, पण त्यांचं निराळंच. गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीतले इंजिनियर. कोथिंबीर आणायची तरी आधी तक्ता. ॲटिकमध्ये, म्हणजे छपराखालच्या पोटमाळ्यावर, ऊब धरून ठेवायला काय भरावं यावर त्यांचा तीन आठवडे अभ्यास चालला होता. गुलाबी काचेचा कापूस, फोम, की कागदाचा भुगा? तक्त्याला चौदा रकाने.

"अहो, तुमचा तक्ता पुरा होईतो रुही कॉलेजात जाईल," म्हणत शैलजाताईंनी स्वतःच माणूस बोलावला.

डेल नावाचा तो माणूस दारात वाकून आत आला, इतका उंच. न सांगता बूट बाहेर काढले. तिथेच त्यांनी त्याला पास केलं.

माडीवर त्यानं खिशातून धूर सोडणारी कांडी काढली. हवा कुठून पळते ते धुरावरून कळतं म्हणे. कांडी पेटेना. हलवली, फुंकली, छे!

"थांब रे बाबा," म्हणून शैलजाताईंनी देवापुढची उदबत्ती पेटवून त्याच्या हातात दिली.

धूर वर गेला. सरळ, सुतासारखा, छताच्या दिव्यापाशी पोचला आणि दिव्याभोवतीच्या फटीत सुळकन नाहीसा झाला.

"बघितलंत?" डेल म्हणाला.

"बघितलं म्हणजे? नऊ वर्षं बघतेय! मला वाटायचं, देव घेतोय."

"थोडा घेत असेल, मॅम. पण तुमच्या घरातली ऊबसुद्धा त्याच वाटेनं जातेय."

शैलजाताईंना असं हसू फुटलं की खाटेवर बसावं लागलं. मग उदबत्ती त्यांनीच हातात घेतली आणि आरतीसारखी खोलीभर फिरवली. पाइपाशी, चिमणीच्या कडेला, ॲटिकच्या झाकणाला. धूर जिथे पळेल तिथे डेल खडूनं गोल काढी. अकरा भोकं! गुरुनाथरावांनी पंधरावा रकाना आखला.

"आधी ही भोकं बुजवायची. पांघरूण मागनं," डेल म्हणाला.

हे शैलजाताईंना कुणी सांगायला नको होतं. ड्रायक्लीनरच्या दुकानात अकरा वर्षं त्या कपडे अल्टर करत होत्या. कोटाची शिवण उसवली असेल तर वरून शाल घेऊन काय होणार? पुढचं सगळंही त्यांना कापडासारखंच दिसायला लागलं. कापसाच्या पट्ट्या म्हणजे रेडिमेड. नव्या घराला बसतील झकास. पण या म्हाताऱ्या घराच्या दोन तुळयांतलं अंतर एकसारखं नाही, कडेला फटी राहणार. फोम महाग, शिवाय मारल्यावर त्याचा वास किती दिवस रेंगाळेल ते कोण सांगणार? तान्ह्या बाळाला नकोच. भुगा मात्र नळीनं फुंकायचा, कोपऱ्याकोपऱ्यात शिरणार. अगदी अंगाबरोबर.

"कशाचा असतो हा भुगा?"

"जुन्या वर्तमानपत्रांचा. आग लागू नये, उंदीर येऊ नयेत म्हणून औषध मारलेलं असतं."

"कागद म्हणजे सरस्वती," शैलजाताई नवऱ्याला म्हणाल्या. "पायाखाली नाही, डोक्यावर राहील. ठरलं! किती जाड घालणार?"

"चौदा इंच."

"पंधरा कर."

"चौदा पुरे, मॅम."

"पंधरा म्हणजे सव्वा फूट. आमच्याकडे चांगल्या कामाला सव्वा लागतो."

डेलनं गुरुनाथरावांकडे पाहिलं. ते म्हणाले, "माझ्या तक्त्यात सव्वा नाही. पण तू पंधराच कर."

कामाच्या दिवशी डेल शिडी लावू लागला तेव्हा त्याला पुन्हा थांबावं लागलं. देवाच्या डोक्यावर पाय कसे देणार? ताम्हनात देव घेऊन शैलजाताई जिना उतरल्या. मागे गुरुनाथराव समई घेऊन, त्यांच्यामागे घंटा घेऊन डेल. पायरीगणिक टण्! टण्! शेजारीण खिडकीतून बघत राहिली. देव स्वयंपाकघरात फडताळावर बसले, ते तिथलेच झाले.

भोकं बुजली, दुपारभर मशीन घोंघावलं, भुगा पसरला. तिसऱ्या दिवशी फोन.

"आई, सेव्हन्टी वन? परत समई लावलीस ना?"

"देवाशप्पथ नाही! देव खाली आहेत."

"व्हिडिओ ऑन कर. दाखव."

शैलजाताईंनी फोन फिरवला. खोलीत ना समई, ना उदबत्ती. मधोमध स्टूल. स्टुलावर एकटा थर्मामीटर, कपाळावर अजून कुंकू.

"कपाट उघड," कुश मागून म्हणाला. कपाट उघडलं. त्यात हीटर नव्हता, नुसते गुरुनाथरावांचे स्वेटर.

"ओके," नैना म्हणाली. "तिकीट काढते."

ती आली त्या रात्री बाहेर गुडघाभर बर्फ होतं. आत रुही झबल्यात, उघडे पाय सायकल मारत. आजीनं टोपडं घातलं की डोकं घुसळून पाडी. तिन्ही टोपडी जमिनीवर.

"आई, खूप गरम होतंय गं," नैना म्हणाली. "थोडी विंडो उघडू?"

"हात तर लावून बघ खिडकीला!" शैलजाताई म्हणाल्या, आणि नातीला उचलून घेताना त्यांना पुन्हा तसंच हसू फुटलं.