चौदा डोळ्यांनी निवडलेलं मशीन

काही लोक पोस्टाची तिकिटं जमवतात, काही काड्यापेट्या. मला काहीच जमवावं लागत नाही यार! पार्ल्याला आमच्या मंडळात रविवारी जाऊन नुसतं बसायचं, किस्से आपोआप येऊन अंगावर पडतात. एक उचलावा तर त्याच्या शेपटीला दुसरा बांधलेला! आज फक्त मशीनचे सांगते, नाहीतर इथेच जेवायची वेळ होईल.

मंडळ म्हणजे काय, तर पार्ले ईस्टला, बिस्किटांचा वास येतो त्या बाजूला, एका शाळेच्या मागच्या दोन खोल्या. तिथे आंधळी माणसं येतात आणि आम्ही डोळस पोरंपोरी त्यांना पुस्तकं वाचून दाखवतो. वाचायला मी, ऐकायला वसंत तांडेल. वसंत मढचा कोळी. वय अठ्ठावीस, अंधेरीला एका विमा ऑफिसात टेलिफोन ऑपरेटर. बारा वर्षांचा असताना तापात डोळे गेले. म्हणजे अक्षरं त्याने पाहिलेली, पाटीवर गिरवलेली.

त्याला कानावरचा हेडफोन उतरवून वरच्या पोस्टवर जायचं होतं. त्यासाठी खात्याची परीक्षा. पेपर लिहायला लेखनिक देतात, पण अभ्यास ज्याचा त्याने करायचा. आणि पुस्तक कसलं? नियमांचं इंग्रजी पुस्तक, पाट म्हणून खाली घेऊन जेवता येईल एवढं जाड! दोनदा नापास झालेला. तीनदाच बसता येतं. तिसरी परीक्षा मार्चमध्ये.

*

पहिला किस्सा माझीच लाज काढणारा आहे, पण सांगते.

एका रविवारी मी त्याला रजेचे नियम वाचून दाखवत होते. अर्धपगारी रजा, बिनपगारी रजा, कसलीकसली रजा! मला तीनचा पिक्चर गाठायचा होता. हळूच दोन पानं एकदम उलटली.

"शुभे, मागे जा."

"का रे?"

"दोन पानं उलटलीस. आवाज जाड आला."

"चिकटली होती रे!"

"मागच्या रविवारी पण चिकटली होती. तुला पिक्चर असला की चिकटतात."

मी निमूट पानं मागे उलटली. मग तोच हसला. म्हणाला, "तू चांगली आहेस गं. पण मला वाचायला असं काहीतरी पाहिजे, जे पिक्चरला जात नाही."

*

आणि काय योगायोग बघा, त्याच महिन्यात आमचे अध्यक्ष कारखानीसकाका नाचत आले. त्यांच्या अमेरिकेतल्या मेहुण्याने कळवलं होतं की तिकडे छापील पुस्तक वाचणारी मशीनं निघालीत. तुम्ही एक निवडा, ते मी मंडळाला भेट म्हणून देतो.

झालं! निवड कमिटी! सात जण. अध्यक्ष काका, सेक्रेटरी प्रधान मॅडम आणि बाकीचे पाच, जे मीटिंगला चहा आल्यावर जागे होतात. सात माणसं, चौदा डोळे, चौदाही शाबूत. आंधळा एक नाही!

मी विचारलं, "काका, वसंतला नाही घेतलं?"

काका माझ्याकडे असे बघायला लागले, जसं काही मी नवऱ्या मुलाला त्याच्याच लग्नात भटजी करा म्हटलं. "अगं, तो लाभार्थी! ज्याला मशीन पाहिजे तोच निवडायला बसला, तर पक्षपात नाही का होणार?"

वसंतला काम दिलं होतं. डेमोला येणाऱ्या कंपनीच्या माणसाला हार घालायचं.

*

पहिल्या डेमोला बत्रा नावाचा सेल्समन आला. टाय, घाम आणि दोन हमाल. मशीन म्हणजे झेरॉक्सच्या मशीनला कपाट झालेलं. वर काच, काचेवर पान पालथं घालायचं, खालून उजेड फिरतो आणि पेटीतून इंग्रजी बोलणं येतं.

प्रधान मॅडमना आयडिया सुचली. "आपण अंधांच्या भूमिकेतून तपासलं पाहिजे. सगळ्यांनी डोळ्यांवर रुमाल बांधा!"

सात माणसं रुमाल बांधून ओळीने बसली. लहानपणी आंधळी कोशिंबीर खेळायचो, तेव्हासुद्धा एवढा गोंधळ नव्हता! एकाने चहाचा कप दुसऱ्याच्या मांडीवर ठेवला. काका मशीन समजून बत्राच्या पोटावरून हात फिरवत होते. "वा, बॉडी मजबूत आहे!"

एवढ्यात कमिटीतले एक आजोबा म्हणाले, "माझा रुमाल पातळ आहे हो. मला सगळं दिसतंय."

"मग डोळे मिटा ना!" मॅडम ओरडल्या.

"मिटले तर डेमो कसा बघू?"

आणि खरा आंधळा कुठे होता माहितीये? दाराबाहेर, बाकावर, हातात हार धरून. आत काय चाललंय ते मी त्याला हळू आवाजात सांगत होते. तो म्हणाला, "थांब, हळू सांग. हाराचा कागद कुरकुरतोय माझा, हसताना."

*

बत्राचं एक होतं. तो दर डेमोला स्वतःचं पान आणायचा. एकच पान. मशीन ते घडाघडा वाचायचं. घडाघडा म्हणजे, कुठल्यातरी रॉकेलच्या डब्यातून साहेब बोलतोय असं. मला पहिल्यांदा एक अक्षर कळलं नाही.

बत्रा म्हणाला, "मॅडम, पहली बार कान को आदत नहीं होती. दूसरी बार सुनो, सब क्लियर!" त्याने पान परत लावलं, आणि खरंच यार, सगळं कळलं!

तिसऱ्या डेमोला वसंत दारातून म्हणाला, "साहेब, हे पान मला पाठ झालं. माझ्या पुस्तकातलं एखादं लावा ना."

मी पुस्तक काचेवर ठेवलं. जुनं पुस्तक, पुसट छपाई, वर वसंतच्या आईच्या हातच्या सुकटीचा एक डाग. मशीन खाकरल्यासारखं करून चार शब्द बोललं, मग आकडे, मग नुसतं टुक-टुक.

"इसको नया, साफ टाईप चाहिए," बत्रा म्हणाला. "टाईपरायटर में नई रिबन डालो, मक्खन की तरह पढ़ेगा."

वसंतने मान डोलावली. तेव्हा मला वाटलं, बिचारा निराश झाला. बिचारा कसला! तो नोंद करत होता.

मग प्रधान मॅडमनी पर्समधून लग्नाची मराठी पत्रिका काढून काचेवर ठेवली. मशीनने जे आवाज काढले, ते मी इथे काढून दाखवणार नाही, शेजारी धावत येतील.

"मराठी नहीं आती, मॅडम. अमेरिकन है."

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "येईल हळूहळू. आमची धाकटी सूनही दिल्लीचीच आहे. आता थालीपीठ लावते."

*

दुसऱ्या कंपनीचा माणूस बोलायला लाजणारा होता. तिथेच अर्धा हरला. त्याचं मशीन बॅगेत मावायचं. काड्यापेटीएवढा कॅमेरा उजव्या हाताने ओळीवरून सरकवायचा. डाव्या हाताचं एक बोट पेटीच्या खाचेत. खाचेत बारीक तारा थरथरतात आणि कॅमेऱ्याखाली जे अक्षर असेल, त्याचा आकार बोटाला कळतो. आवाज नाही, काही नाही.

कमिटीने पुन्हा रुमाल बांधले, बोटं घातली. "गुदगुल्या होतात" हा एकमताने निष्कर्ष निघाला.

तो माणूस घाबरत म्हणाला, "कोणी अंध व्यक्ती असेल तर..."

तेव्हा कुठे वसंतला आत घेतलं. मी त्याच्यापुढे त्या दिवशीचा मराठी पेपर ठेवला, सगळ्यात मोठा मथळा. तो कॅमेरा सरकवायचा, थांबायचा, मागे न्यायचा. घाम फुटला होता त्याला. दहा मिनिटं झाली. आजोबा घोरायला लागले.

"प... काना... पा," वसंत म्हणाला. "णी. पाणी. शुभे, 'पाणी' आहे का गं?"

"हो रे!"

"मग क. पा. त." तो थांबला. "पाणीकपात! आयला, पाणीकपात आहे!"

पाणीकपात वाचून एवढा खूष झालेला माणूस मी मुंबईत पहिल्यांदा पाहिला. सोळा वर्षांनी छापलेला शब्द त्याने स्वतः वाचला होता. मला तर रडूच आलं.

काकांनी घसा साफ केला. "ते ठीक आहे. पण ऐकू काय येतं?"

"काही नाही सर. बोटाला कळतं."

"अहो, उद्घाटनाला हॉल भरून लोक येणार. ते काय एकेकाने बोट घालणार आहेत?"

मतदान झालं. बत्राचं मशीन, सात विरुद्ध शून्य.

"माझं मत?" वसंतने विचारलं.

"तुझ्यासाठीच तर चाललंय रे सगळं!" मॅडम म्हणाल्या.

*

जानेवारीत मशीन आलं. वसंत मढहून तरीने वर्सोव्याला, तिथून बस, बसमधून उतरून चालत, असा हाफ डे टाकून आला. म्हणाला, बोटाचं नाही तर नाही, बोलणारं तर बोलणारं. माझ्या पुस्तकाचे पुसट धडे ऑफिसातली मुलं नवीन टाईप करून देतायत. परीक्षेला दोन महिने आहेत, मशीन पिक्चरला जात नाही.

मशीन कुलपात होतं! खास काचेचं कपाट केलं होतं, वर मॅडमनी स्वतः विणलेलं कव्हर. चावी मॅडमच्या कमरेच्या जुडग्यात.

"उद्घाटनाच्या आधी कसं वापरणार?" काका म्हणाले. "आधीच वापरलं, तर उद्घाटन कशाचं करायचं?"

कपाटावर पाटी लावली होती. सुंदर अक्षरात. 'कृपया मशीनला हात लावू नये.' आंधळ्यांच्या संस्थेत!

वसंतने विचारलं, "काय लिहिलंय गं?"

मी वाचून दाखवलं.

"बरं झालं तू होतीस," तो म्हणाला. "नाहीतर लावला असता हात."

*

मग त्याने अर्ज करायला सुरुवात केली. ऑफिसातल्या टाईपरायटरवर, जेवणाच्या सुट्टीत, स्वतः टाईप करून. एकूण सहा अर्ज. प्रत्येक अर्जाला मंडळाने वेळेवर उत्तर दिलं हं! पोस्टकार्डावर, शाईने, मॅडमच्या अक्षरात. जे वसंतला वाचता येत नाही, आणि त्या मशीनलाही आलं नसतं. सगळी मीच वाचून दाखवली. सहाही कार्डांवर एकच वाक्य: 'आपला अर्ज विचाराधीन आहे.'

सहाव्या कार्डावर खाली एक ओळ जास्त होती. 'उद्घाटनानंतर मशीन दर मंगळवारी दुपारी तीन ते पाच उपलब्ध राहील.'

मंगळवारी तीन ते पाच वसंत कुठे असतो? अंधेरीला, बोर्डावर बसून "नमस्कार, कोणाला जोडू?" म्हणत!

मी चिडले. "आपण जाऊन भांडू या!"

"भांडून काय होतं? ऐकत कोण?" तो म्हणाला. "तू मला टाईपरायटरची नवी रिबन आणून दे. काळीभोर. फिकी नको."

मला वाटलं, सातवा अर्ज. त्याच दिवशी स्टेशनजवळच्या दुकानातून आणून दिली.

*

फेब्रुवारीच्या शेवटी उद्घाटन. मंडप, माईक, शाल, श्रीफळ. मुख्य पाहुणे एक रिटायर्ड जज्ज. कपाटाचं कुलूप कार्यक्रमापुरतं उघडलं होतं, मॅडम बाजूला जुडगं सांभाळत उभ्या.

प्रोग्राम असा, की काकांनी इंग्रजीत लिहिलेलं आभारपत्र प्रेसमधून छापून आणलंय, ते वसंतने काचेवर ठेवायचं आणि मशीनने समस्त अंध बांधवांच्या वतीने कमिटीचे आभार मानायचे. ते पान मीच त्याच्या उजव्या खिशात ठेवलं होतं.

वसंत पुढे आला आणि त्याने डाव्या खिशातून कागद काढला. मी म्हटलं, गडबडला वाटतं. पण वसंत आणि गडबडेल?

कागद काचेवर. उजेड फिरला. रॉकेलच्या डब्यातला साहेब बोलायला लागला. माईक लावलेला. कोणाला एक अक्षर कळलं नाही. संपलं तशी टाळ्यांनी कनात हलली! काकांनी डोळे पुसले. "ऐकलंत? अंध बांधवांच्या मनातले बोल!"

पाहुणे एकदम खूष. "काय मशीन आहे! वन्स मोअर!"

वसंतने कागद उचलून तोच परत पालथा घातला.

आता सगळ्यांच्या कानाला सवय झाली होती. साहेब इंग्रजीत म्हणत होता, मी आपलं मराठीत सांगते: "मी वसंत तांडेल. या मशीनसाठी मी सहा अर्ज केले. मशीन सहा आठवडे कुलपात आहे. चावी सेक्रेटरी मॅडमच्या कमरेला आहे. माझी परीक्षा एकवीस दिवसांवर आहे. मला रोज संध्याकाळी सहा ते आठ मशीन मिळावं. या सभेत कोणाची हरकत असेल, तर त्यांनी आत्ताच सांगावी."

टाळ्या वाजवायला वर गेलेले हात तसेच वर राहिले. काकांचा रुमाल डोळ्यांवरच राहिला. जज्जसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि कमिटीच्या ओळीकडे बघितलं. पहिल्या माणसापासून सातव्यापर्यंत, सावकाश. सातही जण आपापल्या चपलांकडे बघायला लागले.

वसंत माईकजवळ वाकला. अगदी टेलिफोनवरचा गोड आवाज. म्हणाला, "साहेब, अजून एकदा लावू?"

स्टेजच्या डाव्या कोपऱ्यात कुठेतरी जुडगं खुळखुळलं.

वसंतने बरोब्बर तिकडे तळहात पुढे केला.