आखाजीच्या फोटोतला गंधाचा ठिपका

आधीच सांगते — भूत, करणी, भानामती यातलं मी काहीही मानत नाही. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं. कुणाच्या अंगात आलं की उठून चालती होणारी बाई आहे मी. तरी हे लिहितेय... आणि ‘काचेला तेलकट हात लागला असेल’ असं ज्ञान पाजळणाऱ्यांनी आधी शेवटपर्यंत वाचा.

गाव अमडापूर, तालुका चिखली. आमचा भाजीपाल्याचा मळा. महाराष्ट्र नवा नवा झाला होता, तेव्हा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, चिखलीहून फोटोग्राफर आणून सगळ्या घराचा एक फोटो काढला. घरात फोटो तेवढा एकच. आजही बघितला की ती आखाजी दिसते — कडुनिंबाला झोका, ओट्यावर पितरांच्या भरलेल्या घागरी, त्यांवर आंबे नि खरबूज, नव्या धोतरांत ताठ बसलेली माणसं, आईच्या मांडीवर मी. आणि टोकाला शांताआत्या, झोक्याचा दोर धरून हसतेय. फोटोवाल्याने हसू नका म्हणून बजावलं होतं म्हणे!

वेगळे फोटो नव्हते, म्हणून आमच्याकडे एक रीत पडली. फोटोतलं कुणी गेलं की आखाजीला त्याच्या नावाची घागर भरायची आणि काचेवर त्याच्या कपाळाशी गंधाचा ठिपका लावायचा. आजोबा, आजी, धाकटे काका... सगळ्यांचे ठिपके वर्षभर टिकायचे. ठिपका टिकला म्हणजे घागरीचं पाणी त्याला पोचलं, असं मानायचे.

मग शांताआत्याने साखरखेर्ड्याच्या एका परजातीच्या कंपाउंडरशी लग्न केलं. मोठेबाबा — माझ्या वडिलांचे थोरले भाऊ — पेटले. त्या आखाजीला गावातल्या माहेरवाशिणी झोके घेत होत्या आणि यांनी आत्याच्या नावाची घागर भरली. जिवंत बाईच्या नावाने पाणी सोडलं, अन् फोटोत तिच्या कपाळावर ठिपका लावला.

“मेली ते. आजपासून नाव नाही काढायचं कोनं.”

माझे वडील मान खाली घालून पुरणपोळी खात राहिले. मला त्याचा अजून राग येतो.

सकाळी ठिपका नव्हता. बाकीच्यांचे जागच्या जागी.

“कोनं पुसला?” मोठेबाबा थेट आईवर आले. जेठाशी, म्हणजे थोरल्या दिराशी, बोलायची पद्धत नव्हती, म्हणून ती पदराआडून वडिलांना म्हणाली, “सांगा त्याइले, मी हातबी नाही लावला.” त्यानंतर वर्षभर त्यांनी तिच्या हातचं पाणी घेतलं नाही. घरभेदी म्हणायचे.

पुढच्या आखाजीला त्यांनी पुन्हा ठिपका लावला आणि फोटो मांडीवर घेऊन ओट्यावर बसले. भर दुपार. आम्ही समोरच जेवत होतो, कुणी जवळसुद्धा गेलं नाही. आमरसाची वाटी घ्यायला त्यांनी मान वळवली, तेवढंच... परत बघतात तर आत्याचं कपाळ स्वच्छ. आणि गंध फोटोतल्या त्यांच्या स्वतःच्या कपाळावर. ओलं.

वाटी हातातून पडली. त्यांनी धोतराने घासघासून ते पुसलं आणि फोटो भिंतीकडे तोंड करून टांगला. पुन्हा ठिपका लावायची हिंमत केली नाही. पण माणूस खुनशी तो खुनशीच. एकदा आत्या लेकराला घेऊन दारात आली, तर म्हणाले, “मेलेलं मानूस घरात येत नसते.” आत्या पाणीही न पिता परत गेली.

पुढे ते वारले. पहिल्या आखाजीला वडिलांनी त्यांची घागर भरली, फोटो सुलटा केला, ठिपका लावला. वाळायच्या आत गायब! पुन्हा लावला, पुन्हा तेच. मी तेव्हा बी.एस्सी. करत होते. काच साबणाने धुतली, मग नवीन बसवून आणली. चंदन, कुंकू, शेंदूर सगळं झालं. इतरांना बसायचं, त्यांना नाही. भाऊ तहानलेला राहिला म्हणून वडील रडायला लागले आणि एसटीने जाऊन साखरखेर्ड्याहून आत्याला घेऊन आले.

“शांता, तू लाव. तुह्या हातानं राहीन. मोकळं कर दादाले.”

आत्याने बोटावर गंध घेतलं. फोटोकडे बराच वेळ बघितलं... मला वाटतं, स्वतःच्याच हसण्याकडे. मग बोट खांबाला पुसून टाकलं.

“जितेपनी माह्या नावानं पानी सोडलं त्यानं. आता त्याले तहान लागली त मी काय करू?”

आणि माझ्याकडे वळून म्हणाली, “चाल व पोरी, झोका दे मले.”

फोटो आता माझ्याकडे आहे. आत्या म्हातारी होऊन गेली. तिचा ठिपका मी लावला, पहिल्याच बोटाला बसला. मोठेबाबांचं कपाळ अजून कोरडं आहे. का, ते मला सांगता येत नाही. दर आखाजीला वाटीत थोडं गंध उरतं. मी ते लावून बघत नाही.