‘सॉ’पर्यंत पोहोचेपर्यंत

“व्हॉट डिड यू सी यस्टरडे?” मी विचारलं आणि दुर्गाने डोळे मिटले. ओठ हलत होते, आवाज नव्हता. मी घड्याळाकडे पाहिलं. चाळीस सेकंदांनी ती म्हणाली, “आय सॉ अ पीकॉक.”

उत्तर बरोबर होतं. वेळ मात्र फार लागला. चार दिवसांनी नागझिरा अभयारण्याच्या गेटवर गाइडच्या जागेसाठी तिचा इंटरव्ह्यू होता. तिथे चाळीस सेकंद कोण थांबणार?

“मध्ये काय करत होतीस?”

“मनातल्या मनात तक्ता म्हणून राहिली होती, बाई. पहिल्यापासून.”

रेवा, ईशान, तुम्ही नातवंडं इंग्रजी ऐकून ऐकून शिकलात, म्हणून समजावून सांगते. बहुतेक इंग्रजी क्रियापदांना शेवटी ‘ईडी’ जोडलं की भूतकाळ होतो. ‘वॉक’चं ‘वॉक्ड’. पण रोज लागणारी नेमकी वेगळी चालतात. ‘गो’चं ‘वेन्ट’, ‘सी’चं ‘सॉ’. ती पाठच करावी लागतात. नागझिऱ्याजवळच्या गोरेगावला शिकवत असताना मी त्यांचा तक्ता सगळ्या वर्गाकडून एका सुरात म्हणून घ्यायचे. दुर्गाची आई कुंदा माझीच विद्यार्थिनी. धानाची रोवणी करताना, चिखलात मागे मागे सरकत, तिने तोच तक्ता मुलीकडून घोकून घेतला. त्याच क्रमाने. त्यात ‘सी’ बराच खाली येतो.

“मधूनच उचलून सांग ना,” मी म्हटलं.

“मधून नाही येत, बाई.”

माझा आवाज चढला तशी शेजारी बसलेली कुंदा फटकन बोलली, “तिच्यावर कायले रागावता? तुमीच तं असं शिकवलं होतं!”

मी तक्ता कापून चिठ्ठ्या केल्या. त्या पिसून रोज दोन तास विचारल्या. चाळीसाचे वीस सेकंद झाले. त्याखाली काही येईना.

इंटरव्ह्यूच्या दिवशी कुंदा आणि मी खिडकीखालच्या बाकावर बसलो. आत साहेबांनी विचारलं, काल जंगलात काय पाहिलंस, इंग्रजीत सांग. दुर्गा कुठवर पोहोचली असेल ते कळावं म्हणून मीही मनात तक्ता म्हणू लागले. कुंदाचेही ओठ हलत होते.

“नहीं आता तो रहने दो,” साहेब म्हणाले. “नेक्स्ट!”

“सर, वेट! आय सॉ टू बायसन.”

“इतना टाइम? टूरिस्ट रुकेगा क्या?”

“जंगलात तं थांबाच लागते, सर. घाई करते त्याले काई दिसत नाही.”

आत कोणीतरी हसलं. कुंदाने माझा हात इतका आवळला की बांगडी रुतली.

दुर्गाला घेतलं. पण सध्या मराठी-हिंदी पर्यटकांसाठीच. इंग्रजीसाठी तीन महिन्यांनी पुन्हा बोलावलं आहे. म्हणजे निवड तिच्या हजरजबाबीपणाने झाली, माझ्या शिकवण्याने नव्हे.

वर्ग तालात म्हणतो, म्हणजे त्याला येतं, असं मी तीस वर्षं धरून चालले. मधूनच एखाद्याला उभं करून विचारलं असतं, तर पहिल्याच वर्षी कळलं असतं.